कमी चाललेली

जाहिरातीला कोणी वाङ्मयप्रकार मानत नाही, आणि मानावे असा माझा आग्रहही नाही. पण जुन्या मोटारींच्या विक्रीच्या जाहिराती मी गेली काही वर्षे नेमाने वाचते. मला मोटार चालवता येत नाही, घ्यायचीही नाही. मला त्यांची भाषा वाचायची असते. थोड्या जागेत एका वस्तूचे सगळे चरित्र सांगायचे, तिचे गुण गायचे, आणि तरी ती आपण का विकतो आहोत हे सांगायचे नाही, ही कसरत पाहण्यासारखी असते.

अलीकडे वाचनात आलेली अशी एक जाहिरात एका इटालियन गाडीची होती. फियाट 124 स्पोर्ट स्पायडर, लाल रंग, दोन आसने, मिटणारे कापडी छत. उत्तम जपलेली, फारच कमी चाललेली. वर्णन लांबलचक होते. पाऊस न लागलेली, अपघात न झालेली, पुन्हा रंग न दिलेली, छत न फाटलेले. वाचता वाचता लक्षात आले की गाडीची सगळी स्तुती नकारांनी केलेली आहे. ब्रह्माचे वर्णन ‘नेति नेति’ असे करतात, ते ब्रह्म शब्दांच्या पलीकडे आहे म्हणून. इथे कारण साधे होते. या गाडीच्या आयुष्यात फारसे काही घडलेलेच नव्हते, आणि तेच तिचे मोल होते.

ही स्पायडर 1966 साली तुरिनच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आली. तिचे शरीर पिनिनफारिना या प्रसिद्ध संस्थेने घडवले; रेखाटन टॉम त्यार्दा या अमेरिकेत जन्मलेल्या आरेखकाचे. इंजिन ऑरेलिओ लाम्प्रेदी यांचे, म्हणजे ज्यांनी त्याआधी फेरारीसाठी इंजिने रचली होती त्यांचे. 1985 पर्यंत ही गाडी निघत राहिली. सुमारे दोन लाख निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. दिसायला देखणी आहे, यात वाद नाही. पण तिचा सांगाडा स्वतंत्र नव्हता. त्याच वर्षी फियाटने 124 नावाची एक चौकोनी, सरळमार्गी, चार दारांची कुटुंबवत्सल गाडी आणली होती. तिचाच तळ थोडा आखूड करून त्यावर ही सुंदरी उभी केली होती.

या चौकोनी थोरल्या बहिणीचे नशीब वेगळे निघाले. ती जगभर कामाला गेली. सोव्हिएत रशियात वोल्गाकाठच्या तोल्यात्ती शहरात तिची लाडा झाली, तुर्कस्तानात ती मुरात झाली, स्पेनमध्ये सियाट झाली. आणि 1985 साली ती आमच्या कुर्ल्याला आली.

कुर्ल्याचा प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना पूर्व उपनगरांत राहणाऱ्यांच्या दोन पिढ्यांना ठाऊक आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली ही कंपनी काढली. आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जोडल्या गेल्या, मग पन्नाशीच्या दशकात फियाट 1100 आली. तिच्या गोलसर नाकामुळे लोकांनी त्या पहिल्या गाडीला ‘डुक्कर फियाट’ म्हणायला सुरुवात केली. नावात कुचेष्टा कमी आणि घरोबा जास्त होता. पुढे 1100 डी आली. इटलीत ती 1966 साली बंद झाली, पण कुर्ल्यात तिचा संसार चालूच राहिला. 1974 पासून तिला ‘पद्मिनी’ म्हणू लागले, आणि विसावे शतक सरेपर्यंत ती जवळजवळ त्याच रूपात निघत होती. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे तीच. अशी शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस तीही उतरली. त्या वेळी वर्तमानपत्रांनी लेख लिहिले, लोकांनी फोटो काढले.

124 च्या कुर्ल्यातल्या अवताराला मात्र हा मान मिळाला नाही. तिचे नाव प्रीमियर 118 एनई. रचना इटलीची, पत्र्याचे साचे स्पेनच्या सियाटचे, इंजिन जपानच्या निसानचे, आणि हात कुर्ल्याचे. अनुवादाच्या अनुवादावरून केलेल्या अनुवादासारखी ही गाडी होती. आणि अशा अनुवादांप्रमाणेच तिनेही गरजेच्या काळात आपले काम चोख केले आणि मूळ ग्रंथ हाती येताच ती विस्मरणात गेली. मारुतीच्या त्या दिवसांत मध्यमवर्गातली जी माणसे थोडी रुंद, थोडी भारदस्त गाडी शोधत, त्यांनी ती घेतली. ना ती सिनेमात फारशी गाजली, ना तिला कोणी टोपणनाव दिले.

मला ती माहीत आहे, कारण मुलुंडला आमच्या इमारतीच्या आवारात अशी एक एनई ताडपत्रीखाली उभी होती. 1988 सालची, आमच्या शेजारच्या काकांची. ज्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, म्हणजे जुन्या आग्रा रोडवर, ती तयार झाली, त्याच रस्त्यावर जेमतेम पंधरा किलोमीटर वर ती आयुष्यभर राहिली. काका गेल्यावर काही वर्षे ती तशीच होती. मग सोसायटीने आवारातल्या बंद गाड्या हलवण्याची नोटीस लावली, आणि काकूंनी मला बोलावले.

“तू मराठी शिकवतेस ना? मग चार ओळी लिहून दे. गाडी विकायची आहे.”

ज्या वाङ्मयप्रकाराची मी इतकी वर्षे वाचक होते, त्यात लिहिण्याची वेळ आली. खाली जाऊन ताडपत्री वर केली. मीटरवर आकडा होता 38,216. पस्तीस-छत्तीस वर्षांच्या गाडीला हे काहीच नाही. ‘कमी चाललेली’ हे दोन शब्द मला आयते मिळाले होते.

वर येऊन काकूंना तसे म्हटले, तेव्हा त्यांनी कपाटातून एक लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही काढली. काकांची पेट्रोलची वही. तारीख, लिटर, मीटरचा आकडा आणि शेवटच्या रकान्यात गाव. मीटर पाच आकडी होता. 99,999 नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. 2001 सालच्या एका पानावर काकांनी ओळ आखून पान बदलले होते आणि नव्या पानाच्या डोक्यावर, दिवाळीत नव्या खतावणीवर लिहितात तसे, ‘श्री’ लिहिले होते. म्हणजे खरा आकडा होता 1,38,216.

पाठचिकित्सा शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की पोथीच्या शेवटी दिलेला शक हा पुरावा असतो, निर्णय नसतो. अक्षरवळण, कागद, भाषेची रूपे काय सांगतात ते पाहा. हस्तलिखिताने स्वतःबद्दल केलेले विधान त्याच्या अंगावरच्या खुणांशी ताडून घ्या. मोटारीचा व्यापारही हेच शास्त्र पाळतो, हे मला गाडी बघायला आलेल्या गृहस्थांमुळे कळले. ते बोरिवलीहून आले होते, जुन्या गाड्या जमवणारे. मीटरकडे त्यांनी शेवटी पाहिले. आधी ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचे रबर पाहिले. मग चालकाचे दार दोन-तीनदा उघडून लावले आणि बिजागरी कुठे खचते ते ऐकले. पायपुसणे उचलून तळाचा पत्रा चाचपला. खिशातून लोहचुंबक काढून दारांच्या खालच्या कडांवर फिरवले. जिथे गंज खरवडून लांबी भरलेली असते तिथे चुंबक धरत नाही. एवढे झाल्यावर म्हणाले, “लाखाच्या वर गेलेली आहे.” अंतर्गत पुराव्यावरून काळ ठरवणारा इतका नेमका अभ्यासक मला आमच्या विभागातही क्वचित भेटला आहे.

त्यांनीच सांगितले की कमी चाललेल्या गाडीला ते स्वतः जरा भितात. उभ्या गाडीत रबराची सिले वाळतात, टाकीतले पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटर कोंदतो, ब्रेकचे तेल हवेतली ओल ओढून घेते आणि आतून गंज चढतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तर हे लवकर होते. मी लाल स्पायडरचा विषय काढला तेव्हा ते हसले. तिच्या इंजिनात रबरी दातेरी पट्टा असतो. तो किलोमीटरइतकीच वर्षेही मोजतो. न वापरता ठेवला म्हणून तो तरुण राहत नाही. तुटला तर इंजिनाचे मोठे नुकसान होऊ शकते. न चाललेली गाडी विकत घेणारा बहुधा तिला चालवतही नाही, म्हणून हे उघडकीस येत नाही, एवढेच.

हे ऐकताना मला आपल्या जुन्या ग्रंथांची आठवण झाली. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवले. शतकानुशतके ते पंथाबाहेर कोणी वाचले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्या बाहेरच्या अभ्यासकांना उलगडल्या, तेव्हा यादवकाळच्या मराठी गद्याचे मोठे भांडार हाती आले. ज्ञानेश्वरीचे उलट झाले. ती सर्वांच्या हाती, सर्वांच्या तोंडी राहिली; इतकी, की शके 1506 मध्ये एकनाथांना तिचे पाठ शोधून शुद्ध करावे लागले. एक ग्रंथ न वापरल्यामुळे टिकला, एक वापरल्यामुळे. भाषेचा अभ्यासक पहिल्यावर खूश असतो, आणि ते योग्यच आहे. पण मराठी जिवंत राहिली ती दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथांमुळे, झिजलेल्या, डागाळलेल्या, पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेल्या.

मोटारींच्या बाजारात मात्र फक्त पहिल्या प्रकाराला भाव आहे. दोनदोन पाळ्यांत वीस वर्षे धावलेल्या काळ्यापिवळ्या पद्मिनीने या शहरासाठी जे केले ते कुठल्याही स्पायडरने कुठल्याही शहरासाठी केलेले नाही; पण तिची किंमत झाली ती भंगाराच्या वजनावर. उपयोगाला आपण झीज म्हणतो आणि झिजेला दोष.

मी लिहिलेल्या चार ओळींत ‘एक लाख अडतीस हजार किलोमीटर चाललेली’ असे स्पष्ट घातले होते. बोरिवलीच्या गृहस्थांची त्याला हरकत नव्हती. त्यांना गाडी हवी होती, आणि वही दिसल्यावर वहीसह हवी होती. जुन्या गाडीबरोबर पहिल्या मालकाच्या हातची नोंद असली की तिचे मोल वाढते. त्यासाठी ते वेगळे पैसे द्यायला तयार होते, आणि रक्कम काकूंना नको म्हणण्यासारखी नव्हती.

काकूंनी वही उघडून बराच वेळ पाने उलटली. मी शेजारी बसून पाहत होते. ‘खोपोली, पाणी भरले.’ ‘आळंदी.’ ‘कशेडीत गरम झाली, अर्धा तास थांबलो.’ ‘दवाखाना.’ ‘दवाखाना.’ ‘दवाखाना.’ मग ‘घरी’. एका पानावर मुलीच्या परीक्षेच्या केंद्राचे नाव सलग सहा दिवस. अभ्यासक म्हणून माझे मत गृहस्थांच्या बाजूचे होते. वस्तू आणि तिची नोंद एकत्र राहावी, दोन्हींची फारकत झाली की दोन्ही मुक्या होतात, हे मी वर्गात सांगत आले आहे. तसे मी काकूंना म्हटलेही.

काकूंनी वही मिटली. “गाडी न्या तुम्ही,” त्या गृहस्थांना म्हणाल्या. “किती चालली ते तुमच्या कामाचं. ते हिने लिहून दिलंय. कुठे चालली ते माझं.”

गृहस्थ समजूतदार होते. त्यांनी आग्रह धरला नाही, वहीचे पैसे वजा केले आणि आठवड्याने गाडी उचलून नेली. जाण्यापूर्वी म्हणाले की ते ती फार चालवणार नाहीत. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, आणि मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. या एनईला त्यासाठी 2038 पर्यंत थांबावे लागेल. तोवर तिला जपायची, असा त्यांचा बेत आहे.

जपतीलच ते, मला शंका नाही. त्या वेळी मीटरवर अडतीस हजार आणि वर थोडे, एवढाच आकडा असेल. पेडलचे रबर नवे बसवलेले असेल, बिजागऱ्या बदललेल्या, तळाचा पत्रा नवा. अंतर्गत पुरावा असा एकेक करून पुसला जाईल. त्यात लबाडी नसेल, ती केवळ जपणूक असेल. पुढे कधी ती विकायला निघाली तर माझ्या चार ओळी कोणाजवळ असण्याचे कारण नाही. जो कोणी तेव्हा जाहिरात लिहील तो मीटर पाहील आणि अगदी प्रामाणिकपणे लिहील की गाडी उत्तम जपलेली आहे आणि फारच कमी चाललेली आहे. त्याला खोडून काढणारा एकच दस्तऐवज मुलुंडच्या एका कपाटात असेल, तोही तिथे कोणी ठेवला असेल तर.