“चालते का हो ती?”

मैत्रिणींनो, शंभर मीटर म्हणजे किती, सांगू? आमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपासून आमच्या फाटकापर्यंत साधारण तेवढंच अंतर आहे. हातात दळणाचा डबा असला की मला दोन मिनिटं सहज लागतात. इंग्लंडच्या हॅना कॉकक्रॉफ्टनं हेच अंतर टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये, २०२१ साली, १६.३९ सेकंदांत कापलं. तेही बसून! तीन चाकांच्या खुर्चीत, नुसत्या हातांच्या जोरावर. त्या वेळी तो जागतिक विक्रम ठरला.

तुम्ही म्हणाल, ही बाई आज शर्यती कुठून घेऊन बसली? तर माझ्या धाकट्या लेकीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा नंतर लवकरच मेंदूला इजा होते आणि मग त्याचे हुकूम स्नायूंपर्यंत धड पोचत नाहीत. पाय ताठ होतात, कात्रीसारखे एकमेकांवर येतात. मूठ हवी तेव्हा उघडत नाही. मेंदूची इजा पुढे वाढत नाही, पण जातही नाही. बुद्धी अधू असतेच असं मुळीच नाही, हे मात्र मला आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी सांगावं लागतं.

आणि लोक विचारतात काय? हळदीकुंकवाला, एस.टी.त, लग्नाच्या मांडवात, एकच प्रश्न: “चालते का हो ती?” शिकते का, गाते का, भांडते का (भांडते, पुष्कळ भांडते!) हे कुणी विचारत नाही. घरात पहिल्यांदा व्हीलचेअर आणली, तेव्हा नात्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, “म्हणजे आता आशा सोडलीत म्हणा तुम्ही.” चहाचा कप हातात होता, म्हणून मी गप्प बसले.

या शर्यती मी पुन्हापुन्हा पाहते, त्या यासाठी. तिथे खुर्ची म्हणजे आशा सोडणं नव्हे. तिथे ती धावण्याचं साधन असते, धावपटूच्या बुटांसारखं. शर्यतीची खुर्ची आपल्या नेहमीच्या खुर्चीसारखी दिसतच नाही. पुढे लांब दांड्यावर एक छोटं चाक, मागे दोन मोठी चाकं, वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकलेली. साखळी नाही, गिअर नाही. पाय दुमडून, पुढे वाकून बसायचं. मोठ्या चाकांना बाहेरून एक लहान गोल कडं असतं, त्यावर सगळा खेळ. जात्याच्या खुंट्यासारखं ते मुठीत धरून फिरवायचं नसतं. जाड हातमोज्यांनी त्यावर ठोसा द्यायचा, खाली रेटायचं आणि लगेच सोडायचं. पहिले तीन-चार रेटे सर्वांत जड, कारण खुर्ची जागची हलवायची असते.

आता यातली मेख पाहा. सेरेब्रल पाल्सीत आवळलेला स्नायू वेळेवर सैल होणं हेच तर कठीण. त्यातून मन उत्तेजित झालं की शरीर आणखी ताठ होतं. माझी लेक नुसती दारावरची घंटा वाजली तरी ताठते. तिथे तर हजारो माणसं बसलेली, आणि या मुली सेकंदासेकंदाला हात आवळतात नि सोडतात!

यांच्या गटाला टी-३४ म्हणतात. टी म्हणजे ट्रॅक. पाय फारसे साथ देत नाहीत, पण हात आणि धड बऱ्यापैकी ताब्यात असतात, अशांचा हा गट. मैदानी फेकीत याच गटाला एफ-३४ म्हणतात. २०२४ मध्ये पॅरिसच्या उद्घाटनात भारताचा ध्वज धरणाऱ्या दोघांपैकी एक, आपल्या महाराष्ट्राच्या भाग्यश्री जाधव, याच एफ-३४ गटात बसून गोळा फेकतात.

हॅनाचा जन्म १९९२ चा, हॅलिफॅक्स गावचा. जन्मताच दोनदा हृदय बंद पडलं आणि मेंदूला इजा झाली. ही मुलगी फार वर्षं काढणार नाही, असं आईवडिलांना सांगितलं गेलं होतं. तिनं लंडन, रिओ, टोकियो आणि पॅरिस मिळून नऊ सुवर्णपदकं घेतली.

पण मला खरं कौतुक कॅरे ॲडेनेगनचं. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. २०१२ च्या लंडनच्या शर्यती पाहिल्या तेव्हा अकरा वर्षांची होती. त्या पाहूनच ती खुर्चीत बसली. पंधराव्या वर्षी रिओत हॅनाच्या मागोमाग रौप्यपदक! आणि जुलै २०१८ मध्ये सतरा वर्षांच्या या पोरीनं १६.८० सेकंदांत शंभर मीटर पार केले. सतरा सेकंदांच्या आत येणारी या गटातली ती पहिली. हॅनानं पुढच्याच वर्षी विक्रम परत घेतला, ती काय सोडते! टोकियोत आणि पॅरिसलाही हॅना पहिली, कॅरे दुसरी. शर्यत संपल्यावर ती पुन्हा तयारीला लागते, याचंच मला नवल वाटतं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं मूल असेल, तर नेहमीच्या खुर्चीबद्दल एक सांगते. पोर वाढेल म्हणून मोठ्या मापाची घेऊ नका. तो काही शाळेचा गणवेश नाही. बैठक रुंद झाली की मूल एका अंगाला कलतं आणि पाठ वाकडी बसते. दोन्ही पावलं पायठ्यावर पुरती टेकायला हवीत. फिजिओथेरपीच्या ताईंकडून माप घ्या, दर वर्षी पुन्हा तपासा. आणि खुर्ची आली म्हणून व्यायाम थांबवू नका.

आमच्याकडे शर्यतीची खुर्ची नाही. ती प्रत्येकीच्या मापाची बनते आणि महाग असते. लेक साध्या खुर्चीतच शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारते. तिच्यासाठी मी जुन्या जीनचे हातमोजे शिवले, तळव्याला दुहेरी रेक्झीन लावून. पहिला जोड तीन आठवड्यांत फाटला. दुसऱ्याला चामडं लावायचं ठरवलंय, चपला शिवणाऱ्या दादांना विचारून ठेवलंय.