समुद्र सोडून गेला ते गाव

आमचे चिरंजीव सहा वर्षांपासून ब्रुसेल्सला नोकरीला आहेत. आम्ही उभयता प्रथमच त्यांच्याकडे गेलो, तेव्हा पहिल्याच रविवारी ते आम्हाला ब्रुज पाहायला घेऊन निघाले. आगगाडीचा प्रवास तासाभराचा. तरी सौभाग्यवतींनी दशम्यांचा डबा बरोबर घेतलाच!

आधी नावेत बसलो. दोन्ही काठांना विटांची जुनी घरे, कित्येकांच्या भिंती थेट कालव्याच्या पाण्यात उतरलेल्या. पूल असे ठेंगणे की कमान आली की सारी नाव नमस्कार केल्यासारखी वाकते. या गावाची कथा मोठी नवलाची. ११३४ साली एका वादळाने समुद्राची खाडी गावाजवळ आणून सोडली. मग जिनोव्हा-व्हेनिसची गलबते आली, इंग्लंडची लोकर आली, सावकार आले. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्यापार अँटवर्पला निघून गेला. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा गावात उरला नाही. म्हणूनच हे जुने रूप आपल्याला पाहायला मिळते!

मी हे सारे रंगात येऊन सांगत होतो. तेवढ्यात चिरंजीव हळूच म्हणाले, "आई, मी इथलं नागरिकत्व घ्यायचं ठरवलंय."

ती काहीच बोलली नाही. पाण्यात राजहंस होते, ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

उतरल्यावर जुन्या सेंट जॉन रुग्णालयात मेमलिंगची चित्रे पाहिली. देवळाच्या आकाराच्या त्याच्या सोनेरी पेटीवर (१४८९) संत उर्सुलेची कथा चितारली आहे. समोरच्याच चर्चमध्ये मायकेलअँजेलोची संगमरवरी माता आहे. ही मूर्ती १७९४ साली फ्रेंचांनी नेली, १९४४ साली जर्मनांनी. दोन्ही वेळा ती परत आली. बाळ आईच्या गुडघ्यांमधून खाली उतरायला निघाले आहे. त्याचा हात तिच्या हातात आहे, पण तिने त्याला ओढून धरलेले नाही.

"अहो, हा निघालाय," सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि ही अडवत नाहीये." मग कितीतरी वेळ त्या तिथून हलल्याच नाहीत.

चौकातला घंटेचा मनोरा ८३ मीटर उंच, पायऱ्या ३६६! माझ्या गुडघ्यांनी खालूनच हात जोडले. पायथ्याशी दोनदा तळलेल्या बटाट्याच्या गरमागरम काड्या मिळतात. चिरंजीवांनी तिघांसाठी कागदी पुडे आणले. सौभाग्यवतींनी विचारले, "तेल कसलं रे?" विक्रेत्याने प्रामाणिकपणे सांगितले, "बैलाची चरबी." त्यांनी पुडा अलगद खाली ठेवला. चिरंजीव निम्मे खाऊन बसलेले; ते ओशाळून जमिनीकडे पाहू लागले.

सौभाग्यवतींनी डबा उघडला. "खा रे. अन्न टाकू नये," त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या दुसऱ्या हातावर दशमी ठेवली.

वर मनोऱ्यातल्या ४७ घंटा वाजू लागल्या. चिरंजीवांनी आधी दशमी संपवली.