फळ्यापाशी कोण जाणार?

आमच्या संस्थेत बैजिक भूमितीचा वाचनगट सुरू करतोय म्हटल्यावर एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, "पुस्तक कुठलं?" मी म्हटलं, "हार्टशोर्न." ते नुसते हसले. या विषयात पाय ठेवलेल्या कुणालाही ते हसणं समजेल. रॉबिन हार्टशोर्न यांचं हे पुस्तक १९७७ साली आलं. पाच प्रकरणं, तीन परिशिष्टं आणि चारशेहून जास्त गणितं. पुढे लागणाऱ्या कितीतरी गोष्टी लेखकाने या गणितांतच टाकून दिल्या आहेत. ती न सोडवता पुढे गेलं तर काही पानांनी हमखास अडायला होतं.

पीएचडीच्या मुलांचे असे गट ठिकठिकाणी निघतात आणि बहुतेक दुसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर, सेपरेटेड आणि प्रॉपर मॉर्फिझमच्या आसपास, बंद पडतात. मी स्वतः आधी अशा एका गटात बसायचो. पद्धत नेहमीचीच: दर आठवड्याला एकाने एक विभाग तयार करून यायचा आणि फळ्यावर मांडायचा. ज्याची पाळी तो आदल्या रात्री जागायचा. बाकीचे मान डोलवायचे, वहीत उतरवून घ्यायचे. प्रमेय, सिद्धता, उपप्रमेय, चहा. पहिल्या दिवशी जादा खुर्च्या आणाव्या लागल्या होत्या, दिवाळीनंतर चार-पाच डोकी उरली. पुस्तकातली सिद्धता फळ्यावर उतरवली की फार तर बोलणाऱ्याचा अभ्यास होतो. ऐकणारे पाहुणेच राहतात.

म्हणून माझ्या गटात मी एकच अट घातली. विभाग सगळ्यांनी घरी वाचून यायचा आणि गटात फक्त गणितं आणि उदाहरणं घ्यायची. फळ्यापाशी जाईल तो अडलेला माणूस. ज्याला येतंय त्याने बाकावरून सुचवायचं, खडू हातात घ्यायचा नाही. हुशार मुलांना ही अट जाचायची. एकदोघांनी येणं सोडलं, आणि खरं सांगायचं तर त्याने गटाचं भलंच झालं.

शीफ संपवून आम्ही स्कीमवर आलो होतो. बोलता बोलता विषय निघाला की प्रोजेक्टिव्ह रेषेवर सगळीकडे व्याख्या असलेली फंक्शनं कोणती. तीनचार जण एकदम म्हणाले, "फक्त स्थिरांक." मागच्या बाकावर सांगलीची एक मुलगी बसायची, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती म्हणाली, "दादा, उत्तर मलाही पाठ आहे. पण आजवर कुणी करून दाखवलं नाही."

मी तिलाच फळ्यापाशी पाठवलं. तिने दोन रेषा काढल्या. एकीवर निर्देशक एक्स, दुसरीवर वाय. दोन्हींतून शून्यबिंदू वगळायचा आणि उरलेले भाग 'वाय म्हणजे एक भागिले एक्स' या नियमाने चिकटवायचे. सगळीकडे चालणारं फंक्शन पहिल्या रेषेवर एक्सची बहुपदी असलं पाहिजे आणि दुसरीवर वायची, म्हणजे एक भागिले एक्सची. चिकटवलेल्या भागावर ही दोन्ही सारखी हवीत. डावीकडे एक्सचे घातांक शून्य किंवा धन, उजवीकडे शून्य किंवा ऋण. दोन्हीकडे असू शकतं ते फक्त स्थिरपद. फळ्यावर जेमतेम चार ओळी झाल्या. तिने वळून विचारलं, "झालं? एवढंच?"

तेवढ्यात केरळचा एक मुलगा उठला. म्हणाला, उलटं न करता 'वाय म्हणजेच एक्स' असं सरळ चिकटवलं तर? तिने तेही तिथेच केलं. आता कुठलीही बहुपदी दोन्हीकडे सुखाने नांदते, पण शून्यबिंदू मात्र दोन होतात आणि फंक्शनांना त्या दोघांत फरक करता येत नाही. जो विभाग गटांचा कर्दनकाळ ठरतो, तो याच विचित्र रेषेला बाजूला काढण्यासाठी लिहिलेला आहे. दोन आठवड्यांनी सेपरेटेडची व्याख्या आली तेव्हा ती कुणाला आभाळातून पडल्यासारखी वाटली नाही. आम्ही त्या रेषेला सांगलीचं नाव देऊन टाकलं होतं.

श्रीराम अभ्यंकरांचं नाव आमच्या गटात वारंवार निघतं. घर मराठी, बालपण ग्वाल्हेरचं, मग मुंबई आणि तिथून हार्वर्डला झारिस्कींकडे. धन कॅरेक्टरिस्टिकमध्ये पृष्ठांच्या सिंग्युलॅरिटी सोडवण्याचं त्यांचं काम १९५६ साली प्रसिद्ध झालं. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं. शाळेतलं बीजगणित, म्हणजे बहुपदी घेऊन प्रत्यक्ष हिशेब करणं, हेच या विषयाचं खरं बळ असं ते हट्टाने मांडायचे. ग्रोथेंडीकच्या भाषेवाचून आज निभाव लागत नाही, त्यामुळे हा हट्ट मला पूर्ण पटत नाही. पण ती भाषा शिकताना दर आठवड्याला एक तरी बहुपदी हातात असावी, एवढं मी त्यांच्याकडून उचललं आहे.

दुसरी गोष्ट उचलली ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडून. तिथे बाहेरून आलेले मोठे गणिती व्याख्यानं द्यायचे आणि तरुण मंडळी त्यांची टिपणं तयार करायची. शाफारेविच आणि ममफर्ड या दोघांच्या व्याख्यानांची टिपणं सी. पी. रामानुजम यांनी लिहिली. ममफर्डचं 'आबेलियन व्हरायटीज' हे पुस्तक त्याच व्याख्यानांतून झालं. आमच्याकडेही पाळीपाळीने एक जण टिपण लिहितो. नियम असा की ज्या पायरीवर गट थांबला ती टिपणात आली पाहिजे. छापील पुस्तकांतून नेमक्या त्याच पायऱ्या गाळलेल्या असतात.

सगळं सुरळीत चालतं असं मुळीच नाही. सेमिनारची खोली ऐनवेळी दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघते. कुणाचा गाइड "पेपरचं काय झालं?" म्हणून मागे लागतो. परीक्षांच्या महिन्यात तर गट जवळपास झोपतोच. कम्युटेटिव्ह अल्जिब्रा कच्चं असलेल्यांची फरफट होते. त्यांच्यासाठी अतिया-मॅकडोनाल्डचं छोटं पुस्तक आम्ही वेगळं घेऊन पाहिलं, पण ते तडीस गेलं नाही. रवी वाकिल यांची टिपणं बरीच वर्षं इंटरनेटवर मोफत वाचायला मिळत होती. एकट्याने वाचणाऱ्याला मी हार्टशोर्नच्या आधी तीच सुचवेन. गट असेल तर हार्टशोर्नच घ्यावं, कारण त्यातली गणितं एकट्याने सोडवण्यासारखी नाहीतच.

जानेवारीपासून आम्ही तिसरं प्रकरण, म्हणजे कोहोमॉलॉजी, घेतोय. रिंग, आयडियल आणि मॉड्यूल माहीत असतील तर कुणीही यावं, आमच्याच संस्थेचे असायची अट नाही. गणित सुटलेलं नसलं तरी चालेल, मात्र कुठवर गेलात आणि कुठे अडलात तो कागद सोबत आणा.