ओसरीवर ‘तेंगो’

नांदेडहून हिंगोलीच्या एस.टी.त बसलं की अर्धापूर, वारंगा फाटा ओलांडून गाडी आखाडा बाळापूरला येते. कळमनुरी तालुक्यातलं हे गाव, भोवती हळदीची शेतं. इथं आमच्या नणंदबाईंची सून सध्या चक्क स्पॅनिश शिकतेय! नवऱ्याची नोकरी माद्रिदला. दिवाळीनंतर तिलाही जायचंय.

डाळ निवडता निवडता ती घोकते: तेंगो, तिएनेस, तिएने, तेनेमोस, तेनेइस, तिएनेन. क्रियापद ‘तेनेर’, म्हणजे जवळ असणं. बाई बोलो की बुवा, ‘तेंगो’च, आपल्यासारखं जाते-जातो नाही. समोरच्याला ‘आपण’ म्हणायचं तर ‘तिएने’.

गंमत पुढेच आहे, मैत्रिणींनो. मराठीत या अर्थाचं वेगळं क्रियापदच नाही. आपल्याला मुलं ‘असतात’, भूक ‘लागते’, भीती ‘वाटते’. तिकडे हे सगळं जवळ बाळगायचं, वयसुद्धा! तेंगो आंब्रे, मला भूक लागलीय. मध्ये ‘के’ घातला की सक्ती येते: तेंगो के इर, मला जावं लागतंय. म्हणजे आपल्या ‘लागणे’चीच बरीचशी कामं!

नणंदबाई ऐकत होत्या. “परक्या मुलखात भ्याव वाटलं तर काय म्हनायचं गं?”

“तेंगो मिएदो, आत्याबाई.”

त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि सूप पुढे ओढलं.