दुसरी वही

दीपावलीच्या दिवशी दुकानात वहीपूजन झाले की आमच्या घरी आणखी एक वही उघडली जाते. पहिली वही हळदीची. तिच्यात जमाखर्च, येणे-देणे, पोत्यांची नोंद. दुसरी सहलीची. वीर निर्वाण संवत् २५५२ असे शीर्षक यंदाही मी तिच्यावर घातले, स्वस्तिक काढले आणि कार्तिकापासून आश्विनापर्यंत महिन्यांची नावे एकेका पानावर लिहिली. यंदा अधिक ज्येष्ठ असल्याने पाने तेरा झाली. त्यानंतर आठ दिवस ती वही कोरीच राहिली. असे पूर्वी कधी घडले नव्हते.

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. आमच्यासारख्याच अकरा कुटुंबांचे मिळून एक मंडळ गेली बारा वर्षे चालते. त्याला नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. वर्षातून दोनदा एखाद्या जाणकाराला सोबत घेऊन निसर्गवर्ग भरवावयाचा आणि दोनदा तीर्थदर्शन किंवा लेणीदर्शनास जावयाचे, एवढाच नेम. वर्गणी सर्वांना सारखी. सोबत गाळण्याचे कापड, कोरडा शिधा आणि कंदमुळाशिवाय स्वयंपाक करणारा आचारी. वही माझ्याकडे कशी आली हे मला नीटसे आठवत नाही. बहुधा पहिल्या वर्षी पैशाचा हिशेब मी दिला, आणि हिशेब देणाऱ्याच्या गळ्यात पुढचे सारेच पडते, हा व्यापारी पेठेतला जुना अनुभव आहे.

व्यापाऱ्याने वर्षाची आखणी करणे वाटते तितके सोपे नाही. जानेवारीच्या अखेरीपासून नवी हळद यार्डात येऊ लागते, ती मे महिन्यापर्यंत. सौद्याच्या वेळी मालक दुकानात नाही, हे शेतकऱ्यालाही रुचत नाही आणि खरेदीदारालाही. मध्येच मार्चअखेर. मग लग्नसराई. मुलांच्या परीक्षा निराळ्याच. एवढ्यातून सुटावे तो चातुर्मास. सारे वजा जाता जे चार-पाच आठवडे हाती उरतात, त्यांत अकरा घरांची सवड एकत्र जुळवावयाची. सौदा जुळविणे यापेक्षा सोपे.

परंतु वही कोरी राहिली ती यामुळे नव्हे.

मागील वर्षी जुलै महिन्यात आम्ही घाटमाथ्यावरील एका गावी तीन दिवसांचा निसर्गवर्ग घेतला होता. विषय बेडकांचा. मार्गदर्शक तरुण, अभ्यासू आणि अत्यंत सौम्य. पहिल्या रात्री त्याने आम्हांला विजेऱ्या देऊन पायवाटेने नेले. निघण्यापूर्वी त्याने एकच सूचना दिली. प्रकाश पुढच्या चार हात जमिनीवर ठेवा, पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नका. आमच्यातील सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. मुनिमहाराजांची ईर्यासमिती आम्ही लहानपणापासून प्रवचनात ऐकत आलो. ती अशी भर पावसात, एका अजैन तरुणाच्या तोंडून ऐकावयास मिळेल, असे कोणालाच वाटले नव्हते. दोन तासांत आम्ही फार तर अर्धा किलोमीटर चाललो असू. माझी नात, जी तेव्हा नऊ वर्षांची होती, सर्वांच्या पुढे होती. पानावर चिकटलेला बोटाच्या पेराएवढा बेडूक तिनेच प्रथम दाखविला.

तेथून मुक्कामाचे ठिकाण सहा किलोमीटर. बस आली, आम्ही बसलो. पाऊस कोसळत होता. दिव्याच्या झोतात ओला डांबरी रस्ता दिसत होता आणि त्या रस्त्यावर जागोजाग काहीतरी उड्या मारीत होते. नात चालकाच्या मागच्याच आसनावर होती. प्रथम ती हळूच म्हणाली, "आजोबा, थांबवा ना." मग मोठ्याने म्हणाली. मग रडू लागली. चालक म्हणाला, घाटात, वळणावर, धुक्यात गाडी थांबविता येणार नाही, मागून ट्रक येईल. तो खोटे बोलत नव्हता. बस थांबली नाही. सहा किलोमीटर आम्ही कोणीही एकमेकांशी बोललो नाही. चाकांखाली काय येत होते ते प्रत्येकाला ठाऊक होते.

दोन तास चार हात भूमी निरखून चाललेली माणसे वीस मिनिटांत ते सारे पुसून टाकून मुक्कामी पोहोचली. आखणी माझी होती. वर्ग एका ठिकाणी आणि मुक्काम दुसऱ्या ठिकाणी ठेवल्याने प्रत्येक कुटुंबामागे काही रुपये वाचले होते, आणि ते वाचविल्याबद्दल सकाळी मला शाबासकीही मिळाली होती.

त्यानंतर नात एकाही सहलीस आली नाही. रागाने नव्हे. विचारले की शांतपणे म्हणे, "मला नको." यंदा वही उघडली तेव्हाही तिने तेच सांगितले.

आमच्या घरात 'मला नको' असे शांतपणे म्हणणारी आणखी एक व्यक्ती आहे. माझे वडील, अण्णा, आता ८४ वर्षांचे आहेत. सत्तरी गाठली तेव्हा त्यांनी दिग्व्रत घेतले. उत्तरेस मांगी-तुंगी, दक्षिणेस श्रवणबेळगोळ, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस कृष्णा-भीमेचा संगम, या सीमेपलीकडे आजन्म जावयाचे नाही. या व्रतात सीमा नदी, पर्वत, समुद्र अशा ठळक खुणांनी बांधण्याची रीत आहे, म्हणून त्यांनी अशा खुणा निवडल्या. त्याआधी त्यांनी सम्मेदशिखरजीची यात्रा दोनदा केली होती. "जितके जग वापरावयाचे नाही, त्यावरचा हक्क सोडून दिलेला बरा," एवढेच ते म्हणाले. मला तेव्हा ते वार्धक्याचे हट्ट वाटले, हे कबूल करतो.

आठव्या दिवशी मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसलो. माझ्या मनात एक युक्ती होती. यंदा अधिक मासामुळे चातुर्मास जुलैच्या अगदी शेवटी बसतो. म्हणजे पाऊस सुरू झाल्यानंतर आणि चातुर्मास बसण्यापूर्वी चांगले पाच-सहा आठवडे मोकळे मिळतात. त्यात आंबोलीचा वर्ग सहज बसेल. तेथील जांभ्या दगडाच्या सड्यांवर पहिल्या पावसाची डबकी साचली की एक छोटा भेक त्यांत अंडी घालतो. तो आंबोली परिसराखेरीज जगात अन्यत्र आढळत नाही. मुक्काम तेथेच ठेवू, बस रात्री हलवावयाची नाही, असे मी उत्साहाने सांगितले.

अण्णांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "पंचांगात सवड आहे खरी. पण जीव काय तिथी बघून जन्माला येतात? चौमासा त्यांच्यासाठी आहे, आपल्या सोयीसाठी नाही. त्या डबक्यांतून तीस माणसं चालवणार आहेस का तू?"

मी निरुत्तर झालो. दाराशी नात उभी होती, हे मला नंतर कळले.

येथे सुज्ञ वाचक म्हणतील, मग निसर्ग पाहूच नये की काय? तसे अण्णांनीही म्हटले नाही. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "महाराज चार महिने एका गावी राहतात. तुमचा वर्ग एका गावी का राहू शकत नाही?"

यावर आमच्या मंडळाच्या बैठकीत जे झाले ते सांगण्याजोगे आहे. मी प्रस्ताव मांडला की पावसाळी वर्ग यंदा कोठेही जाणार नाही. जिनमंदिराच्या आवारात पिंपळ आहे, कुंपणाला लागून जुना उंबर आहे. आषाढापासून कार्तिकापर्यंत दर रविवारी पूजेनंतर एक तास वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक येतील आणि आम्ही ते दोनच वृक्ष पाहू. "आपल्याच अंगणातलं झाड बघायला वर्गणी?" असे एकाने विचारले, आणि हशा झाला. दोन कुटुंबांनी व्हिएतनामची सहल ठरविली असल्याचे त्याच बैठकीत जाहीर केले. जैन भोजनाची हमी, आठ दिवस, नऊ शहरे. मी त्यांना दोष देत नाही. तरुण वयात जग पाहावेसे वाटते. मात्र नऊ शहरांतून आठ दिवसांत ते काय पाहून येणार, हा प्रश्न मी मनातच ठेवला. एका कुटुंबाने विचार करून सांगतो म्हटले. उरलेली आठ तयार झाली.

उंबराचा आग्रह माझा. पाच उदुंबर फळांचा त्याग आपण बालपणी घोकतो. वड, पिंपळ, उंबर ही नावे मुलांना पाठ असतात, पण फळ फोडून आत पाहिलेले मूल विरळा. उंबराचे फूल कोणी पाहत नाही, कारण ते फळाच्या आत असते आणि चिलटाहूनही बारीक अशी वीण तेथेच होते. तो कीटक नसेल तर उंबराला बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर तो कीटकही जगत नाही. खाली पडलेल्या फळात हे सारे दिसते, झाडाला हात लावावा लागत नाही. विज्ञानाने आमचे शास्त्र खरे ठरविले असा डांगोरा पिटणे मला आवडत नाही. शास्त्राला त्याची गरज नाही आणि विज्ञानाचा तो हेतूही नाही. परंतु आपण जे टाकतो त्यात काय आहे, हे टाकणाऱ्याने एकदा पाहिलेले असावे.

बाकीची पाने मग लवकर भरली. जानेवारीत, नवी हळद येण्यापूर्वी, वेरूळ. मंगळवारी लेणी बंद असतात, म्हणून बुधवार-गुरुवार. क्रमांक ३० ते ३४ ही आपली लेणी बहुतेक प्रवासी कैलासानंतर थकून घाईने उरकतात. आम्ही उलट तेथूनच आरंभ करणार, आणि इंद्रसभेत पूर्ण सकाळ बसणार. पायांवर वेली चढलेले बाहुबली तेथे आहेत आणि समोर बहुधा नागफण्यांखालचे पार्श्वनाथ. मुलांनी त्यांची चित्रे काढावयाची, छायाचित्रे नव्हेत.

फाल्गुनात वेळास. रत्नागिरी जिल्ह्यातील हे गाव नाना फडणीसांचे. कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येऊन शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. पूर्वी ती अंडी माणसे खणून नेत. गेल्या दोन दशकांत त्याच गावचे लोक ती कुंपणात जपू लागले. मागील मार्चमध्ये मी आणि सौ. पाहणी करून आलो. पहाटेची पाटी उचलली तेव्हा खाली सात पिले होती. दोरीमागे उभे राहून सर्वांनी पाहावयाचे, हात लावावयाचा नाही, पिलू आपल्या पायांनी पाण्यापर्यंत जाते. दुसऱ्या दिवशी पाटीखाली काहीच नव्हते. हा माल हमीचा नाही, हे मी मंडळास आधीच सांगून ठेवले आहे. सायंकाळचे सोडणे सूर्यास्ताच्या सुमारास असते, तेव्हा जेवण सव्वापाचला. घरमालकीणबाईंना मी ते विचारले, तर त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखे लोक वेळेवर जेवतात, आमचीच भांडी लवकर होतात." भर हंगामात मी दोन दिवस दुकान सोडणार, यावर मुलगा अजून नाखूश आहे.

सप्टेंबरात कास पठारावर फुले असतात. परंतु त्याच महिन्याच्या मध्यापासून दहा दिवस दशलक्षण पर्व आहे. ते पान कोरेच ठेवले.

वहीच्या शेवटच्या पानावर आमचे नियम असतात. त्यात यंदा एक ओळ निराळ्या अक्षरात आढळली. 'अंधार पडल्यावर बस चालणार नाही. कितीही जवळ असले तरी.' अक्षर नातीचे. मी तिला काही विचारले नाही. वेरूळच्या यादीत तिचे नाव पेन्सिलीने लिहिले आहे. ते तिने पाहिले असावे, कारण पान दुमडलेले होते, पण नाव खोडलेले नव्हते.

राहिला मार्गशीर्ष, म्हणजे येता डिसेंबर. श्रवणबेळगोळ. अण्णांच्या व्रताची दक्षिण सीमा. २००६ च्या महामस्तकाभिषेकाला ते गेले होते, परंतु त्या गर्दीत चरणांपर्यंत पोहोचणे झाले नाही. २०१८ साली आई आजारी होती. पुढचा अभिषेक २०३० साली, आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. ५७ फुटांच्या त्या मूर्तीच्या पायाशी चामुंडरायाचे नाव मराठीत कोरलेले आहे. आपल्या भाषेतील अतिप्राचीन लेखांपैकी तो एक. शाळेपासून ऐकत आलेली ती अक्षरे अण्णांना जवळून वाचावयाची आहेत. विंध्यगिरीला सहाशेहून अधिक पायऱ्या, त्याही अनवाणी. डॉक्टरांनी गुडघे तपासून फक्त मान हलविली.

काल वही चाळताना त्या पानावर अण्णांची ओळ दिसली. 'डोली नको. नीट उजाडल्यावर आरंभ, म्हणजे पायाखालचे दिसेल.' मी ती खोडली नाही. डोलीची चौकशी मात्र करून ठेवली आहे.