चौदा मिनिटांचा हिशेब

खेळांचा इतिहास बहुधा खेळाडूंच्या पराक्रमातून सांगितला जातो. परंतु एक खेळ असा आहे, की ज्याचा जन्म संयोजकाच्या अडचणीतून झाला. स्कॉटलंडमधील मेलरोज या लहानशा गावच्या रग्बी क्लबास १८८३ मध्ये पैशांची चणचण भासत होती. स्पर्धा भरवून निधी उभारावा, अशी सूचना नेड हेग या खाटकाचा व्यवसाय करणाऱ्या खेळाडूने केली. मात्र पंधरा-पंधरा खेळाडूंच्या संघांचे अनेक सामने एकाच दुपारी उरकणे शक्य नव्हते. म्हणून संघ सातांचा केला, सामन्याची वेळ घटवली, आणि ‘सेव्हन्स’ हा रग्बीचा प्रकार अस्तित्वात आला. वेळ थोडा, संघ पुष्कळ. मग कोणासही दारातून परत न पाठवता सर्वांना खेळवायचे कसे, या प्रश्नाचे ते उत्तर होते. आमच्या विद्यालयाने आंतरशालेय सेव्हन्स स्पर्धेचे यजमानपद स्वीकारले, तेव्हा हाच प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

या खेळाचा परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगणे इष्ट होईल. सेव्हन्समध्ये मैदानावर एका संघाचे सात खेळाडू असतात व पाच राखीव असतात. सात मिनिटांचा पूर्वार्ध, सात मिनिटांचा उत्तरार्ध आणि मध्ये जास्तीत जास्त दोन मिनिटांची विश्रांती. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’चे पाच गुण मिळतात, त्यानंतरची किक दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून गेली की आणखी दोन. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. पुढे जायचे असेल तर मागच्या सोबत्यावर विसंबावे लागते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुष दोन्ही गटांत हा खेळ समाविष्ट झाला, आणि फिजी या चिमुकल्या द्वीपराष्ट्राने आपल्या इतिहासातील पहिले ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, याच खेळात मिळवले. मुलींना रग्बी खेळू द्यावे काय, अशी शंका घेऊन येणाऱ्या पालकांना आम्ही ही हकीकत आवर्जून सांगत असू.

शालेय सेव्हन्सची परंपराही जुनी आहे. लंडनच्या रॉसलिन पार्क क्लबाने १९३९ मध्ये शाळांसाठी सुरू केलेल्या स्पर्धेत आज हजारो मुले-मुली उतरतात. आमचा व्याप त्या मानाने अगदीच लहान, तरीही आमच्या आवाक्याच्या मानाने मोठा होता. मुलांचे सोळा व मुलींचे सोळा, असे बत्तीस संघ. प्रत्येकी बारा धरले तर ३८४ खेळाडू. शिवाय मार्गदर्शक शिक्षक, पंच, स्वयंसेवक. मैदाने चार: दोन विद्यालयाची, दोन कुंपणापलीकडच्या महाविद्यालयाने दिलेली.

पहिल्याच बैठकीत मतभेद झाला. स्पर्धा बाद पद्धतीने घ्यावी, म्हणजे एका दिवसात आटोपेल, भोजनखर्च निम्म्यावर येईल, असे काही सदस्यांचे म्हणणे होते. हिशेब बिनचूक होता. सोळा संघांच्या गटात पंधरा सामने, दोन्ही गट मिळून तीस. चार मैदानांवर ते सहज बसत होते. परंतु त्याच हिशेबाची दुसरी बाजू फळ्यावर मांडली, तेव्हा सभागृह गप्प झाले. पहिल्या फेरीतच सोळा संघ बाद होणार होते. म्हणजे रात्रभर एस.टी.चा प्रवास करून आलेली निम्मी मुले चौदा मिनिटे खेळून परत फिरणार होती. ज्यांनी शाळेच्या पटांगणात दगड वेचून सराव केला, त्यांना आम्ही चौदा मिनिटे देणार काय? त्या दिवशी एक गोष्ट सर्वानुमते ठरली: प्रत्येक संघाला किमान पाच सामने मिळालेच पाहिजेत.

मग त्या एका वाक्यावरून सारी रचना बेतली गेली. प्रत्येक गटात चार-चार संघांचे चार उपगट. उपगटात प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ. दोन्ही गटांचे मिळून हे अठ्ठेचाळीस सामने झाले. उपगटातील पहिले दोन संघ ‘कप’साठी, उरलेले दोन ‘प्लेट’साठी. कपच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्यांसाठी ‘बाऊल’, प्लेटच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्यांसाठी ‘शील्ड’. ही पद्धत आमची नव्हे. सेव्हन्सच्या स्पर्धांत ती रुळलेली आहे, आणि तिच्यामागे मोठा विवेक आहे. हरलेल्याला घरी न पाठवता ती त्याच्याच तोडीच्या सोबत्यांमध्ये पुन्हा उभे करते. त्यामुळे बाद फेऱ्यांचे सामने चाळीस झाले आणि एकूण अठ्ठ्याऐंशी. सर्वांत मागे राहणारा संघही पाच सामने खेळणार होता. विजेत्याला सहा मिळणार होते. पहिल्या आणि शेवटच्या संघांत अंतर राहिले ते एका सामन्याचे.

सामन्याची चौदा मिनिटे, विश्रांतीची दोन, ये-जा करण्यास चार, अशी वीस मिनिटांची एक पाळी आम्ही धरली. पहिल्या दिवशी प्रत्येक मैदानावर बारा पाळ्या. सकाळी साडेसातला आरंभ करून आठ पाळ्या दहा वाजून दहा मिनिटांनी संपवल्या, भर उन्हात खेळ पूर्ण बंद ठेवला, आणि उरलेल्या चार पाळ्या साडेतीननंतर घेतल्या. एका मैदानावर दोन उपगट असे गुंफले, की कोणत्याही संघाला दोन सामन्यांमध्ये किमान चाळीस मिनिटे विसावा मिळावा. चारही मैदानांसाठी भोंगा एकच ठेवला. तो वाजला की सर्वत्र खेळ सुरू, वाजला की सर्वत्र थांबला. एखाद्या मैदानावर पाच मिनिटांचा उशीर झाला तर संध्याकाळपर्यंत त्याचा तास होतो. एका भोंग्याने तो धोका टळला. भोंग्याची जबाबदारी दहावीतील दोन विद्यार्थिनींकडे होती आणि दोन दिवसांत त्यांचे घड्याळ एकदाही चुकले नाही.

निवासी विद्यालय असल्याचा लाभ या वेळी उमगला. आमच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहातील खोल्या पाहुण्यांना दिल्या आणि स्वतः वर्गखोल्यांत सतरंज्या अंथरल्या. भोजनगृहातील मावशींनी पहाटे तीनला चुली पेटवल्या. सामन्यांपूर्वी हलका आहार हवा म्हणून पोहे व केळी, दुपारी वरण-भात-भाजी, रात्री पिठले-भाकरी. शिपाईकाकांनी फक्कीने रेषा आखल्या. लोखंडी नळ्यांचे गोलखांब उभे राहिले. त्यांवर आदळून कोणास इजा होऊ नये म्हणून जुन्या गाद्या गुंडाळून सुतळीने आवळल्या. वरून देखणे काहीच नव्हते. पण प्रत्येक खांबावरची गाठ हाताने ओढून पाहिलेली होती.

पादत्राणांचा प्रश्न नाजूक होता. काही संघांकडे स्टडचे बूट होते, काहींकडे साधे कॅनव्हासचे, तर काही मुले अनवाणीच खेळत आलेली. अनवाणी पायावर स्टड पडला तर काय होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून स्पर्धेपुरते स्टड वर्ज्य ठरवले आणि ज्यांच्याकडे बूट नव्हते त्यांच्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी कॅनव्हासचे जोड आणून दिले. सुसज्ज संघांच्या मार्गदर्शकांना हा नियम रुचला नाही. सर्वांना समान पायांनी धावू द्यावे, एवढेच आमचे उत्तर होते.

दुसरा नियम याहून कठोर होता. डोक्याला मार लागल्याची शंका आली, की खेळाडू मैदानाबाहेर. त्या दिवशी पुन्हा प्रवेश नाही. जागतिक रग्बीतही हेच तत्त्व आहे. निर्णय डॉक्टरांचा, त्यावर संयोजन समितीकडे दाद नाही. स्पर्धेच्या आदल्या रात्री मार्गदर्शकांच्या सभेत हा नियम मोठ्याने वाचून बत्तीसही जणांच्या सह्या घेतल्या. त्या वेळी सर्वांनी माना डोलावल्या. शांत वेळी असा नियम सर्वांनाच पटतो.

त्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. मुलींच्या कपचा उपांत्य सामना होता. दुर्गम भागातील एका आश्रमशाळेचा संघ केवळ नऊ मुली घेऊन आला होता. पहिल्या दिवशी एकीचा घोटा मुरगळल्याने आठच उरल्या होत्या. त्यांची कर्णधार असामान्य खेळत होती. संघ पाच-शून्य असा आघाडीवर असताना, तीन मिनिटे उरली असता, धावत्या प्रतिस्पर्ध्याला अडवताना तिचे डोके समोरच्या गुडघ्यावर आदळले. ती लगेच उठली, “काही नाही झालं,” म्हणाली आणि जागेवर जाऊन उभी राहिली. डॉक्टरताई आत धावल्या. आपण कोणत्या मैदानावर आहोत? हा पूर्वार्ध की उत्तरार्ध? शेवटचे गुण कोणी मिळवले? याआधीचा सामना कोणाशी झाला? पहिली दोन उत्तरे बरोबर आली. तिसऱ्याला तिने समोरच्या संघाचे नाव घेतले. त्या संघाने तोवर एकही गुण मिळवला नव्हता. डॉक्टरताईंनी हात वर केला.

तिचे गुरुजी आमच्या मंडपाकडे धावत आले. “सर, पोरगी उभी आहे, बोलते आहे. तीन मिनिटं राहिलीत फक्त. दोन वर्षं ती याच दिवसाची वाट बघतेय हो.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्यापैकी ज्येष्ठ सदस्य एवढेच म्हणाले, “गुरुजी, ती आमच्या घरची असती तरी आज बाहेरच बसली असती.” शेवटची राखीव मुलगी आत गेली. अखेरच्या मिनिटाला प्रतिपक्षाने ट्राय केला, किकही साधली. पाच-सात. अंतिम सामना दोन गुणांनी हुकला.

मुलीला तालुक्याच्या रुग्णालयात नेले, रात्रभर देखरेखीखाली ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ती आपल्या पायांनी चालत घरी गेली. काही जण म्हणाले, “पाहा, तिला काहीच झालेले नव्हते.” आम्हांस हा युक्तिवाद मान्य नाही. तिला काही झाले असते तर निर्णय बरोबर आणि झाले नाही तर चूक, असे नसते. मैदानाच्या कडेला उभे राहून कोणाच्याही डोक्याच्या आत पाहता येत नाही, म्हणूनच तो नियम आहे. गुरुजी आमचा निरोप न घेता निघून गेले. त्यांच्या नाराजीचे दुःख आम्हांस आजही आहे, निर्णयाचे नाही.

दुपारी अडीचपासून आठही अंतिम सामने एकाच मुख्य मैदानावर, एकामागून एक खेळवले. वेळ अधिक लागला, पण शील्डच्या अंतिम सामन्यालाही कपइतकेच प्रेक्षक लाभले. आठही चषक एकाच उंचीचे घेतले होते. शील्ड जिंकणाऱ्या मुलांच्या संघाने आदल्या दिवशीचे तिन्ही सामने गमावले होते. चषक हाती आल्यावर त्यांनी घातलेला गोंधळ आवरताना स्वयंसेवकांच्या नाकी नऊ आले.

पुढे ज्यांच्या हाती अशा स्पर्धांची सूत्रे येतील, त्यांना आमचे एकच सांगणे आहे. चषकांची मागणी नोंदवण्यापूर्वी तीन आकडे लिहून काढा: सर्वांत दुबळ्या संघाला किती सामने मिळतील, दोन सामन्यांमध्ये किती मिनिटांचा विसावा मिळेल, आणि डॉक्टर कोणत्या मैदानापासून किती अंतरावर असतील. नियम आदल्या रात्री, शांत डोक्याने, सर्वांसमक्ष वाचा. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजल्यावर विचार करायला कोणालाच सवड नसते, आणि तेव्हा ठरवलेल्या गोष्टीची किंमत बहुधा एखादे लेकरू मोजते.