सुटा जोड, पक्का जोड

नटबोल्ट की वेल्डिंग, या एका प्रश्नावर आमच्या घरात गेल्या उन्हाळ्यात जेवढा खल झाला तेवढा माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. तिच्या वेळी मुलगा पाहिला, पसंत पडला आणि महिन्याभरात अक्षता पडल्या. पण मोटारीच्या पोटाला लावायच्या दोन नळ्या कशा जोडायच्या, हे ठरवायला आम्हा दोघा भावांना अडीच महिने लागले.

मोटार म्हणजे थार. मराठीच्या प्राध्यापकाने असली दांडगट गाडी घ्यावी याचे माझ्या सहकाऱ्यांना अजून नवल वाटते. पण ती हौसेने घेतलेली नाही. भोर तालुक्यात, निरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला आमचे गाव आहे. डांबरी रस्ता संपल्यावर घरापर्यंतचे शेवटचे अडीच-तीन किलोमीटर केवळ नावाला रस्ता. पावसाळ्यात मुरूम वाहून जातो आणि खालचा काळा कातळ उघडा पडतो, तोही सपाट नव्हे, पायऱ्यापायऱ्यांचा. आई वर्षातले सहा महिने तिथे राहते. म्हणून 2021 मध्ये मी आणि धाकट्याने निम्मे-निम्मे पैसे घालून ही गाडी घेतली. कागदोपत्री ती माझ्या नावावर आहे. वापरतो दोघेही.

या गाडीचे पोट जमिनीपासून 226 मिलिमीटर उंच असते. म्हणजे साधारण एक वीत. कागदावर हा आकडा भरघोस वाटतो. पण पुढची चाके पायरी चढून गेली आणि मागची अजून खालीच असली, की गाडीचा मधला भाग, बरोबर दारांच्या खालचा, कातळावर टेकतो. हा दारांखालचा उंबरठा पातळ पत्र्याचा असतो. तो एकदा चेपला की दार लागत नाही, आणि लागले तर उघडत नाही. आम्ही बाजारातून पाय ठेवायला एक पायरी बसवून घेतली होती. तिने हा उंबरठा वाचेल अशी आमची कल्पना. उन्हाळ्यात ती पायरी कातळावर टेकली, वाकली आणि स्वतःच उंबरठ्यात घुसली. पायरी माणसाचे वजन पेलण्यासाठी असते, पावणेदोन टनांच्या गाडीचे नव्हे.

तिथे हवा असतो तो रॉक स्लायडर. भाषेचा मास्तर या नात्याने मी त्याला ‘खडकसरक’, ‘कातळदांडा’ असे दोन-तीन शब्द योजून पाहिले. भोसरीच्या शेडमधल्या मिस्त्रींनी ते सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे स्लायडरच ना, सर?” तेव्हा स्लायडर. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉनसारख्या धोंड्यांच्या वाटांवर जीप चढवणाऱ्या मंडळींत ही वस्तू रुळली. तीन मिलिमीटर जाडीची, पावणेदोन इंच व्यासाची पोलादी नळी दाराखालून लांबीने धावते आणि तिचे तीन-चार पाय आत वळून थेट चासीला धरतात. चासी म्हणजे गाडीचा खालचा शिडीसारखा सांगाडा. गाडी टेकली की भार पत्र्यावर न येता सांगाड्यावर जातो, आणि गाडी नळीवरून घसरत पुढे सरकते. एवढेच तिचे काम. वाद आहे तो या पायांचा. ते चासीला वितळवून एकजीव करायचे, की बोल्टने आवळायचे?

मिस्त्री वेल्डिंगच्या बाजूचे. हे ऐकून नवल वाटायला नको. शिंप्याला टाचणीचे कौतुक कधीच नसते. पण त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. वेल्ड केलेला स्लायडर हलत नाही, खडखडत नाही, त्याच्याकडे पुन्हा पाहावे लागत नाही. त्याखाली कुठेही जॅक लावा, गाडी उचलली जाते. फक्त काम नीट हवे. पाय थेट चासीवर चिकटवायचा नाही. आधी गोल कोपऱ्यांची एक जाड पट्टी चासीवर बसवायची आणि त्या पट्टीवर पाय, म्हणजे भार पसरतो. वेल्डची रेघ चासीच्या लांबीने ओढायची. वरून खाली सरळ उभी रेघ ओढली तर नेमके त्याच रेषेत पोलाद कमजोर होते, आणि पुढेमागे चीर गेलीच तर तिथूनच जाते. सुरू करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडायच्या, नाहीतर गाडीचा संगणक जायचा. चासीला लागून धावणाऱ्या डिझेलच्या आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला घ्यायच्या. हे सांगताना मिस्त्रींचा चेहरा असा खुलला होता की, मी माझ्या विद्यार्थ्यांना ओवीचे चरण सांगतो तेव्हा माझाही असा खुलत असेल का, हा प्रश्न मला पडला.

त्यांनी न सांगितलेली गोष्ट मी विचारली. चासी आतून पोकळ असते. बाहेर वेल्ड केले की आतला गंजरोधक लेप जळतो. बाहेरून रंग मारता येईल, पण आत हात कसा पोचणार? मिस्त्रींनी पलीकडे पाहिले आणि म्हणाले, “ते मात्र आहे. तुमच्याकडे पाऊस किती?” आमच्याकडचा पाऊस मोजायच्या भानगडीत कोणी पडत नाही. जून ते सप्टेंबर तो फक्त सोसायचा. अशा गावात, आतून जळालेल्या जागी गंज धरायला किती वेळ लागणार?

बोल्टचा प्रकार निराळा. कारखान्यातून चासीला जी भोके आलेली असतात त्यांतूनच पाय आवळायचे, शक्यतो नवे भोक पाडायचे नाही. बोल्ट मात्र बाजारातला कुठलाही चालत नाही. त्याच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असे आकडे कोरलेले असतात, आणि ते वाचायला मला फार गंमत वाटली. पहिल्या आठाचा अर्थ असा की, हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटनपर्यंतचा ताण आला तरच तुटेल, आणि दशांशानंतरच्या आठाचा अर्थ, त्यातले दहापैकी आठ हिस्से ताण येईपर्यंत ते पूर्ववत होईल, कायमचे ताणले जाणार नाही. एवढ्याशा टोपीवर त्याची सगळी पत्रिका! आणखी एक गोष्ट मला धाकट्याकडून कळली. तो चाकणला इंजिनियर आहे. बोल्ट म्हणजे खिळा नव्हे. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो, आणि त्याच्या मूळ लांबीवर येण्याच्या धडपडीने दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबून राहतात. खरे धरून ठेवते ते त्या दोघांतले घर्षण. ताण गेला की जोड गेला. म्हणून सुरुवातीच्या शे-सव्वाशे किलोमीटरनंतर आणि पुढे प्रत्येक खडतर फेरीनंतर टॉर्क पाना लावून पाहावे लागते. स्लायडर वाकलाच तर तो सोडून टेबलावर सरळ करता येतो. वेल्डचा असेल तर ग्राइंडरने कापा, आणि पुन्हा तीच आग चासीला लावा.

कायद्याचेही पाहायला हवे होते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम सांगते की, नोंदणीतला तपशील कारखान्याने ठरवलेल्या रूपाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. बोल्टचा स्लायडर लावला म्हणून या कलमाकडे डोळेझाक करता येते असे नाही. आम्ही विमा कंपनीला पत्र लिहून विचारले, परिवहन कार्यालयात जाऊन विचारले, आणि मगच मिस्त्रींकडे गेलो. घाईच्या माणसाने यातले काहीच करू नये, त्याने डांबरी रस्त्यावरच राहावे.

एवढे सगळे कळूनही माझा इंजिनियर भाऊ वेल्डिंगवर अडून बसला. घर्षणाचा सिद्धांत त्यानेच मला शिकवला, आणि वेल्डचा आग्रहही त्याचाच! व्याकरणाने त्याचे मन वळवावे म्हणून मी त्याला संधी आणि समास यांतला फरक सांगितला. ‘विद्या’ आणि ‘आलय’ यांचा संधी झाला की दोन ‘आ’ मिळून एकच ‘आ’ उरतो. त्यातला कोणाचा किती, हे पाणिनीलाही सांगता यायचे नाही. ‘बहीणभाऊ’ हा समास मात्र उलगडला तर बहीण जिथल्या तिथे आणि भाऊ जिथल्या तिथे. तो म्हणाला, “दादा, हेच मला नको आहे. बोल्ट लावायचा म्हणजे सोडवायची सोय आधीच करून ठेवायची.”

वहिनी ताटे घेत होत्या, त्या थांबल्या. तो गाडीबद्दल बोलत नव्हता हे सगळ्यांना समजले. वडील गेल्यावर गावच्या घरावर आणि जमिनीवर आमची नावे चढली, आणि त्याच महिन्यात कोणा नातलगाने सहज विचारले होते, “वाटणीपत्र कधी करताय?” मी म्हणालो होतो, “करू कधीतरी.” वाक्य माझे, सहज बोललेले. पण त्याने ते जपून ठेवले होते.

मी त्या रात्री काही बोललो नाही. पुढच्या शनिवारी आम्ही दोघे गावी गेलो तेव्हा त्याला माजघरात नेले आणि विजेरीचा झोत वर टाकला. आमचे घर एका जुन्या वाड्याच्या लाकडाचे आहे. आजोबांनी तो वाडा उतरवताना लाकूड विकत घेतले आणि इथे आणून पुन्हा उभे केले. जुन्या लाकूडकामात हे होत असे, कारण तुळई खांबात बसवून वर लाकडी खुंटी मारलेली असे. खुंटी काढली की जोड सुटतो. तुळयांच्या टोकांना सुताराने पटाशीने केलेल्या खुणा अजून दिसतात. एका खुणेची तुळई तशीच खूण असलेल्या खांबावर. पुढे आजोबांच्या मागे काकांचा आणि वडिलांचा वाटा झाला तेव्हा माजघरात मधोमध विटांची भिंत आली. ती भिंत सिमेंटने पक्की बांधलेली आहे. तुळई मात्र कापता आली नाही, म्हणून ती भिंतीवरून सरळ काकांच्या बाजूला गेली आहे, खुंटीसकट.

धाकटा बराच वेळ वर पाहत राहिला. मग म्हणाला, “या खुंट्या कोणी कधी ठोकून पाहिल्यात?”

“अण्णा पाहायचे. दर पावसाळ्यापूर्वी. लाकडी हातोडी होती त्यांची.”

“आणि ते गेल्यापासून?”

मी काही बोललो नाही. तो शिडी आणायला गेला.

मिस्त्रींना आम्ही बोल्टचे सांगितले. त्यांनी थोडे नाक मुरडले, पण काम सुबक केले. बोल्ट 10.9 चे, नट आतून नायलॉनचे कडे असलेले म्हणजे थरथराटाने ढिले न पडणारे. दोन्ही बाजूंचे मिळून चाळीसेक किलो वजन वाढले, आणि आईची चढायची सोय झाली. स्लायडर हा काही पायरी म्हणून करत नाहीत, पण तिला त्याचे काय! टॉर्क पाना धाकट्याने स्वतःच्या पैशाने घेतला आणि तो माझ्याकडे ठेवायला साफ नकार दिला. पाना त्याच्याकडे, गाडीची किल्ली माझ्याकडे. त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर त्याला पुण्याला यावेच लागते, किंवा मला चाकणला जावे लागते.

गणपतीच्या आधी आम्ही गावी जाऊन आलो. ओढ्याच्या वरच्या पायरीला डावी बाजू कातळावर चांगली करकरत टेकली, आणि नळीवरचा काळा रंग वीतभर खरवडून निघाला. दार नीट लागले. परत आल्यावर धाकटा अंगणात सतरंजी टाकून गाडीखाली शिरला, आणि मी वही घेऊन पायरीवर बसलो. तो एकेका बोल्टचा क्रम सांगत होता, मी टिपत होतो. उजवीकडचे सगळे घट्ट. डावीकडचा मागून दुसरा पाव फेरा फिरला. मी तसे लिहिले, आणि पुढे तारीख घातली.